पडवीतली जिप्सी

जुलै लागला की नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या मुख्य क्षेत्राची फाटकं पर्यटकांसाठी बंद होतात, ती थेट ऑक्टोबरमध्ये उघडतात. बाहेर रोवणीची धांदल असते. बांध्यांत पाणी तुंबलेलं, पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर मांडलेल्या, चिखलणीचे ट्रॅक्टर दिवसभर फिरत असतात. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी अशा फाटकांच्या आसपास ज्यांच्या घरी सफारीची जिप्सी आहे, त्यांना मोठ्या दुरुस्तीसाठी हेच तीन महिने मिळतात. हंगामात गाडी पहाटे एकदा आणि दुपारी एकदा जंगलात जाते, त्यामुळे तिला खोलून ठेवायची सोय नसते. पावसाळ्यात मात्र चाकं उतरवून, चॅसीखाली सागाचे ठोकळे देऊन ती पडवीत आठ-पंधरा दिवस उभी करता येते.

मारुतीची ही गाडी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये. सुझुकीच्या एसजे ४१० या छोट्या जीपचा हा लांब केलेला अवतार. इंजिन ९७० सीसीचं, गिअर चार, पुढे-मागे सलग पोलादी अ‍ॅक्सल आणि चारही चाकांवर कमानपाटे. १९९३ मध्ये दोन चाकांमधलं आडवं अंतर वाढलं. १९९६ मध्ये एस्टीमचं १३०० सीसीचं अ‍ॅल्युमिनियम इंजिन आणि पाच गिअर घेऊन ‘जिप्सी किंग’ आली. २००० मध्ये कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, सोळा व्हॉल्व्ह आले आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. पुढची जवळजवळ वीस वर्षं फारसा बदल झाला नाही. २०१९ मध्ये एबीएस आणि धडक-चाचणीचे नियम जुन्या मॉडेलांनाही लागू झाले, आणि त्या सुमारास जिप्सीचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण जिप्सीही वापरून मुरलेली आहे, आणि बऱ्याच गाड्या वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत.

तरीही जंगलात तिची जागा सहजासहजी कुणी घेत नाही. टप काढलेली जिप्सी किंग जेमतेम एक टनाची. मुरमाच्या अरुंद वाटेवर ती वळते, नाल्याच्या काठावरून चढते, ओल्या मातीत जड गाड्यांइतकी रुतत नाही. जून २०२३ मध्ये तिचा वारसा सांगणारी पाच दारांची जिम्नी भारतात आली. सलग अ‍ॅक्सल आणि लो-गिअर तिलाही आहेत, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत, डोक्यावर पक्कं छप्पर आहे आणि अंगात भरपूर इलेक्ट्रॉनिक्स आहे. उघड्या गाडीत उभं राहून जंगल बघायचं आणि बिघाड झाला तर गावातच निस्तरायचा, ही सोय जुन्या जिप्सीनं दिली.

गावात निस्तरता येणं ही गोंदिया जिल्ह्यात मोठी गोष्ट आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि राइस मिलचा. ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, मिलचे पट्टे आणि बेअरिंग यांच्यावर हात बसलेले मिस्त्री तालुक्याच्या गावी असतातच. लेथवाला असतो, वेल्डिंगवाला असतो, पाटे ठोकून कमान देणारा असतो. या सडकांवर वर्षानुवर्षं काळीपिवळी जीप धावल्या, त्यांचे पाटे, क्रॉस आणि क्राउन-पिनियन याच हातांखालून गेले. जिप्सीची घडणही त्याच पठडीतली: शिडीसारखी चॅसी, तिच्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी, आणि पान्याला पोचता येईल अशा जागी प्रत्येक नट. इंजिनाचे पार्ट मिळायलाही फार अडत नाही, कारण इंजेक्शनचं हेच इंजिन एस्टीमला होतं, व्हर्साला होतं आणि २००५ च्या पहिल्या स्विफ्टलाही होतं. अडतं ते ट्रान्सफर केसच्या गिअरांवर आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या खास भागांवर. त्यासाठी नागपूर गाठावं लागतं, किंवा लष्कराच्या लिलावातून निघालेल्या गाड्यांचा माल शोधावा लागतो.

जुनी गाडी घेताना लोक आधी मीटर बघतात. सफारीच्या जिप्सीत मीटर अर्धीच गोष्ट सांगतो. जंगलात गाडी ताशी वीसेक किलोमीटरनं चालते, तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पाणवठ्याशी थांबते, मागे-पुढे होते, पुन्हा चालू होते. इंजिन तासन्‌तास फिरतं आणि मीटर मात्र थोडाच पुढे सरकतो. हायवेवर पाच हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचं ऑईल आणि जंगलात तेवढंच अंतर रांगलेल्या गाडीचं ऑईल यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्यामुळे ऑईल आणि एअर फिल्टर किलोमीटरवर न बदलता महिन्यांच्या हिशेबानं बदलणं शहाणपणाचं. मार्चनंतर तर रस्त्यावरची बारीक लाल धूळ फिल्टरच्या कागदात इतकी बसते की झटकून भागत नाही.

या गाडीचं खरं दुखणं पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन टोकांना असतं. सलग अ‍ॅक्सलच्या शेवटी पोलादाचा पोकळ गोळा असतो. त्याच्याभोवती चाक वळवणारा नकल, वर-खाली एकेक किंगपिन, त्यांना टेपर बेअरिंग, आणि गोळ्याच्या पोटात ग्रीसनं भरलेला जॉइंट. डिफ्रन्शिअलचं पातळ ऑईल या ग्रीसपर्यंत येऊ नये म्हणून आत एक छोटं सील असतं. ते झिजलं की ऑईल ग्रीसमध्ये मिसळतं, काळं पातळ कालवण होतं आणि गोळ्याच्या मागच्या बाजूनं टायरवर ओघळतं. नाल्यात उतरणाऱ्या गाडीत त्याच वाटेनं पाणी आणि बारीक वाळू आत शिरते. मग ग्रीसच बेअरिंग घासायला लागतं.

हे काम घरी करता येतं, फक्त घाई करून चालत नाही. गाडी जॅकवर न ठेवता ठोकळ्यांवर घ्यायची. चाक काढल्यावर ब्रेकचा कॅलिपर तारेनं पाट्याला टांगायचा. तो होसपायपावर लोंबकळला तर होस आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग हब, स्पिंडल, आणि शेवटी अ‍ॅक्सलचा दांडा बाहेर. किंगपिनखालच्या पातळ शिम वरच्या वर आणि खालच्या खाली, वेगवेगळ्या डब्यांत ठेवायच्या. सगळं रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुतलं की खरं चित्र दिसतं. बेअरिंगचे रोलर बोटानं फिरवून बघायचे, त्यांच्यावर खड्डे किंवा कपावर रेघा दिसल्या तर बेअरिंग कपासकट बदलायचं. नवं सील लाकडाचा सपाट तुकडा ठेवून हलक्या हातानं सरळ बसवायचं. तिरकं बसलं तर ते पहिल्या महिन्यातच गळतं. जोडणी झाल्यावर नकलच्या हाताला ताणकाटा अडकवून तो वळवायला किती ओढ लागते ते मोजायचं आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळेपर्यंत शिम कमी-जास्त करायच्या. ही मोजणी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. तिच्यावाचून केलेलं काम अर्धवट राहतं.

कारण याच किंगपिन सैल झाल्या की खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं, कधी इतकं की गाडी थांबवल्याशिवाय सुटका नाही. त्यावर सोपा उपाय म्हणून स्टिअरिंगला डँपर बसवला जातो. थरथर दबते आणि झीज चालूच राहते. आधी बेअरिंग, मग टायरॉडचे एंड, पाट्यांचे बुश आणि शॅकल बघावेत. हे सगळं ठीक असेल तर डँपरची गरज क्वचितच पडते.

जुन्या गाडीत सुधारणा म्हटलं की डोळ्यांसमोर रुंद टायर, उंच पाटे आणि बंपरवर दिव्यांची रांग येते. गोंदियाच्या वाटांवर सगळ्यात मोलाची सुधारणा मात्र थोड्या रबरी नळीत होते. दोन्ही अ‍ॅक्सलना हवा सोडणारी छोटी तोटी असते. चालून तापलेला अ‍ॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. तोटी चिखलानं बुजली असेल किंवा पाण्याखाली गेली असेल, तर तो सीलमधून किंवा तोटीतूनच पाणी ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी ड्रेन बोल्ट उघडला की दुधाळ ऑईल बाहेर येतं. तोटीला नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेली की हा धोका बराच टळतो. खर्च अगदी किरकोळ, आणि वाचतं ते क्राउन-पिनियन.

दुसरी लक्ष द्यायची जागा रेडिएटर. विदर्भातल्या मे महिन्यात गाडी रांगत चालते तेव्हा समोरून वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर. जाळीत गवताचं बी आणि धूळ बसलेली असते. आत बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असेल तर नळ्यांत क्षार साचतात. १३०० सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमची. एकदा जबर तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. नव्या दिव्यांआधी रेडिएटरचा कोर, थर्मोस्टॅट, होसपाईप आणि शुद्ध पाण्यात मिसळलेलं कूलंट यांवर पैसे घालावेत, हे ठामपणे सांगायला हवं. टायमिंग बेल्टही याच यादीत, कारण तो तुटायच्या आधी आवाज करत नाही.

पेट्रोलचाही प्रश्न नवा झाला आहे. २०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्वत्र मिळतं. जुन्या जिप्सीच्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधले पडदे आणि वॉशर यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीनं उभ्या राहिलेल्या गाडीत तळाशी पाणी आणि गंज सापडतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालणं, फिल्टर बदलणं आणि उभी करताना टाकी रिकामी तरी करणं किंवा काठोकाठ भरणं, एवढं केलं की हंगामाच्या पहिल्या सकाळी गाडी अडत नाही.

टायरचा मोह मात्र आवरायला हवा. कंपनीचं माप २०५/७० आर १५. त्याहून बरंच मोठं टायर घातलं की गिअरिंग जड होतं, क्लच लवकर जळतो, ब्रेकवर भार येतो आणि नुकत्याच बसवलेल्या किंगपिनवरही. कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ घडणीत मनासारखा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीच भूमिका घेतली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारींसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलं. शुल्क भरूनही बदललेली गाडी तपासणीत अडकली तर टायर, पाटे सगळं पुन्हा मूळ मापावर आणावं लागतं. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. गोंदियाच्या, म्हणजे एमएच-३५ च्या हद्दीत तसं नाही, आणि म्हणूनच इथे जुनी गाडी नीट राखणं हा रास्त व्यवहार ठरतो.

पाट्यांचं काम शेवटी ठेवलेलं बरं, कारण गाडी चाकांवर आल्यावरच त्यांची बैठक कळते. मागच्या बाकांवर माणसं बसून बसून पाटे सपाट झालेले असतात. एखादा पाटा वाढवून गाडी उंच करण्यापेक्षा सगळा गठ्ठा सोडून, पाटे घासून, मूळ कमान देऊन, मधे ग्रीस लावून आणि बुश नवे घालून बसवला तर बसणाऱ्यांची कंबरही वाचते आणि चॅसीही. शॅकलचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के आवळायचे, हवेत असताना आवळले तर नवे बुश पिळवटून फाटतात. यू-बोल्ट नेहमी नवे घालायचे आणि आडव्या-तिरप्या क्रमानं थोडे थोडे ताणायचे. मग रिकामी गाडी कोहमारा-गोंदिया रस्त्यावर एकदा नेऊन आणायची, हात लावून चारही हब किती तापलेत ते बघायचं, नकलच्या मागे ओल आहे का ते तपासायचं आणि यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.