गणित एकच, आकडे प्रत्येकाचे वेगळे

करी रोडला बोलतोय, तर उदाहरणही इथलंच घेऊ.

समजा, एफवाय बीएस्सीच्या वर्गात १२० मुलं आहेत. सरांनी भौतिकशास्त्राची पाच गणितं घरी दिली. रात्री चार जण ती सोडवतात आणि सकाळपर्यंत त्या वहीचा फोटो बाकीच्यांच्या मोबाइलवर पोचतो. सर १२० वह्या तपासतात, पण कळतं ते चौघांपुरतंच. बरं, प्रत्येकाला वेगळं गणित द्यावं, तर हाताने १२० संच काढायचे कुणी आणि तपासायचे कधी?

हे काम कॉम्प्युटर करू शकतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९२ साली भौतिकशास्त्राच्या वर्गासाठी ‘कापा’ नावाची प्रणाली सुरू झाली. प्रत्येकाला स्वतःचा छापील संच मिळायचा. उत्तर कॉम्प्युटरवर टाकलं की बरोबर की चूक ते लगेच कळायचं. चुकलं, तर मुदतीच्या आत पुन्हा प्रयत्न करता यायचा.

हे चालतं कसं? शिक्षक गणित एकदाच लिहितात, पण आकड्याची जागा मोकळी ठेवतात. ‘चेंडू अमुक मीटर उंचीवरून सोडला, तर जमिनीवर यायला किती सेकंद लागतील?’ सोबत उत्तराचं सूत्र देतात: उंचीची दुप्पट भागिले ९.८, आणि त्याचं वर्गमूळ. उंची किती ते कॉम्प्युटर प्रत्येकासाठी वेगळं निवडतो आणि उत्तर त्या सूत्राने तपासतो. दशांशात थोडा फरक पडला तर किती चालवून घ्यायचा, तेही आधी सांगून ठेवता येतं.

आता चाळीतल्या दोन मैत्रिणी बघा. एकीला उंची आली ४.९ मीटर, म्हणजे साधारण पहिल्या मजल्याची गॅलरी. दुसरीला आली १९.६ मीटर, म्हणजे गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचा पाचवा-सहावा मजला. उत्तरं १ सेकंद आणि २ सेकंद. एकमेकींचं उत्तर उतरवून काहीच उपयोग नाही. पण प्रश्न पडतो: उंची चौपट, मग वेळ दुप्पटच कसा? कारण चेंडूचा वेग पडता पडता वाढत जातो, अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दोघींचे आकडे सारखे असते, तर हा प्रश्न निघालाच नसता.

अर्थात, मित्राकडून नुसतं सूत्र घेऊन आकडे घालणारे असतातच. कॉम्प्युटर उत्तर बघतो, त्यामागचा विचार नाही. सिद्धता, आकृती, प्रयोगाची जर्नल हे शिक्षकांनीच वाचायला हवं. मात्र वर्गातले निम्मे जण वर्गमूळ काढायला विसरले, हे त्यांना तास सुरू होण्याआधी दिसतं आणि तास तिथूनच सुरू करता येतो.

खर्चाचं म्हणाल, तर २००२ साली आलेली ‘मूडल’ ही प्रणाली मोफत आहे. पवईच्या आयआयटीत ती वापरतात. तिच्यात असे बदलत्या आकड्यांचे प्रश्न करता येतात आणि ती मोबाइलवरही चालते. सुरुवात एका धड्यापासून, दहा गणितांनी करावी. मार्क थोडे ठेवावेत, प्रयत्न मात्र भरपूर द्यावेत.