गळ्यात माळ, घरात काय?

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते भरले, वहीवर सह्या झाल्या की गोष्टी निघतात त्या घरच्या. तेव्हा एक वाक्य आम्हाला गावोगावी ऐकू येतं : "आमच्या यांनी माळ घातली आणि घर सुधारलं." लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून कोणी म्हणतं, "आमच्याकडेही घातली बाई, पण घरात फरक काही नाही." दोघीही खरंच बोलत असतात. मग माळेनं नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे आज समजून घेऊ.

माळ म्हणजे तुळशीच्या मण्यांची, वारकऱ्याच्या गळ्यातली. ती बाजारातून आणून नुसती घालत नाहीत. जाणत्या वारकऱ्याच्या किंवा महाराजांच्या हातून, चार माणसांसमोर घेतात. तिच्याबरोबर नेम येतात : दारू आणि मांस-मच्छी सोडायची, खोटं बोलायचं नाही, परस्त्री मातेसमान मानायची, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा आणि पंढरीची वारी करायची.

हे नेम टिकतात कसे? एक तर शब्द चारचौघांत दिलेला असतो. लग्नात कोणी पेला पुढे केला तर "नको" म्हणायला माणसाला अवघड जातं. पण "माळ आहे" म्हटलं की आग्रह करणाराही हात मागे घेतो. दुसरं कारण म्हणजे सोबत. एकट्यानं सोडलेली गोष्ट चार दिवसांत परत धरली जाते. भजनी मंडळातला माणूस दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारत घरी येतं. आपला गट तरी कसा चालतो? ठरलेला दिवस, ठरलेली रक्कम आणि न आलेल्या बाईची चौकशी. तसंच हे आहे.

तिसरं कारण रिकाम्या वेळेचं. शेतातून आल्यावर जेवणापर्यंतचे दीड-दोन तास, तिथंच माणूस घडतो किंवा बिघडतो. पारावर पत्ते, स्टँडवर टपरी, हातात मोबाइल, आणि मग कोणीतरी म्हणतं, "चल, जरा बसू." त्याच वेळेला देवळात टाळ वाजत असेल तर पाय तिकडे वळतात. नुसतं "जाऊ नको" म्हणून माणूस थांबत नाही, जायला दुसरी जागा लागते. सप्ताहात पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन असतं; सात दिवस गावातल्या पुरुषांचा वेळ कसा भरून निघतो ते आपण पाहतोच.

इथपर्यंत सगळं चांगलंच. पण माळेची परीक्षा देवळात होत नाही, ती उंबऱ्याच्या आत होते.

आपल्या शेगावचंच पाहा. श्री गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. आज तिथं हजारो सेवेकरी आपापल्या पाळीला येऊन बिनपगारी सेवा करतात. बहुतेक शेतकरी घरातले पुरुष. ते झाडू मारतात, पंगतीत वाढतात, भाविकांची पादत्राणं सांभाळतात. समोर कोणीही बाई आली तरी हात जोडून म्हणतात, "माउली, पुढे चला." यात कमीपणा कोणालाच वाटत नाही, उलट सेवा मिळाली म्हणून आनंद असतो. म्हणजे झाडू मारणं, वाढणं, गोड बोलणं हे पुरुषाला जमत नाही असं नाहीच. मग शेगावात अनोळखी बाईला माउली म्हणणाऱ्यानं घरच्या बाईला कसं हाकारावं, आणि जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलावं की नाही, हे विचारायला आपण का लाजायचं?

दुसरी गोष्ट, पुरुषाच्या नेमामागच्या बाईच्या कष्टांची. एकादशीला त्याच्यासाठी भगर, आमटी, साबुदाणा. लेकरांसाठी नेहमीचा स्वयंपाक. उपास त्याचा, चुली दोन. आणि आषाढी वारी येते ऐन पेरणीत. शेगावची पालखी ज्येष्ठात निघते, पायी पंढरपूरला जाते आणि पायीच खामगाववरून परत येते. सारं धरून दोन महिन्यांच्या आसपास जातात. तेवढ्यात इकडे सोयाबीन-कपाशीची पेरणी, डवरणी, निंदण, पाऊस दगा देऊन गेला तर दुबार पेरणी. हे सगळं जी पेलते तिच्या पायाला वाट लागत नाही, पण वारी तिचीही होते. वारीला जाऊ नये असं आम्ही म्हणत नाही. जाण्याआधी दोघांनी बसून ठरवावं : बियाणं-खताचे पैसे कुठं ठेवले, मजुरी कशातून द्यायची, गटाचा हप्ता कोणत्या तारखेला, गुरांकडे कोण बघणार, सासऱ्यांची औषधं कोण आणणार. वहीत लिहून ठेवलं की जाणाऱ्याचं मन वारीत लागतं आणि राहणारीची रात्रीची झोप उडत नाही.

घर आणि भक्ती वेगळी नाही, हे सांगायला लांबचा दाखला नको. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांच्या घरात अभंग एकट्या चोखोबांनी रचले नाहीत. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, सगळ्यांचे अभंग आहेत. देवळात पाऊल टाकायची ज्यांना मनाई होती, त्यांच्या घरात मात्र बायकोचा आणि बहिणीचा आवाज दाबला गेला नाही. उलट सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की तुकोबांची भक्ती करते म्हणून नवऱ्यानं त्यांना मारलं. तोही पूजापाठ करणारा, वेद जाणणारा होता. पुढे मोठ्या आजारपणात त्याचे डोळे उघडले. विद्या होती, पूजा होती; पण घरात बाईचं ऐकून घेण्याची तयारी नव्हती.

आपल्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत, आणि हा प्रश्न सगळ्यांकडे आहे. वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कॅथलिक शेतकरी आहेत. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. कॅथलिक धर्मात कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हणतात. संध्याकाळी घरच्या सगळ्यांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करायची, तिला रोझरी म्हणतात. रविवार देवाचा आणि घरच्यांचा, म्हणून मोठी कामं बंद. ईस्टर सणाआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, त्यात अनेक पुरुष दारू-मांस सोडतात. घरच्या पुरुषापुढे आदर्श ठेवतात तो येशूला वाढवणाऱ्या योसेफाचा. हा सुतारकाम करणारा साधा माणूस. बायबलमध्ये त्याच्या तोंडचा एक शब्दसुद्धा दिलेला नाही. त्यानं काय केलं एवढंच आहे : बायको-लेकराला जपलं, जिवावरचं संकट आलं तेव्हा रातोरात त्यांना घेऊन परमुलखात गेला. वारकऱ्याची माळ तुळशीची, यांची जपमाळ वेगळी. पण माणूस ओळखायचा तो घरच्यांशी वागतो कसा यावरून, हे दोन्हीकडे सारखंच.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी, नीट ऐका.

पहिली. रोज भरपूर पिणारा माणूस माळ घालून एका दिवसात दारू तोडतो तेव्हा पहिले काही दिवस जपावं लागतं. हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप न लागणं ही लक्षणं दिसतात. काहींना झटके येतात, भास होतात, माणूस बरळायला लागतो. तेव्हा "देवाचं करताना त्रास व्हायचाच" किंवा "बाहेरची बाधा झाली" म्हणत घरी बसू नका. जिवाला धोका असतो, १०८ ला फोन करून लगेच दवाखान्यात न्या. पिणं जास्त असेल तर सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. नेम आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत.

दुसरी. घरात मारहाण होत असेल तर "माळ घालतील, मग सुधरतील" या आशेवर वर्षं काढू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीला ११२ हे नंबर आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. माळकरी असो की नसो, कायदा सगळ्यांना सारखा.

आम्ही गटांना एवढंच सुचवतो. पुढच्या बैठकीत कोणाचं नाव न घेता तीन प्रश्नांवर बोला : घरच्या पुरुषाचा रिकामा वेळ कुठं जातो? त्याच्या नेमासाठी घरातल्या बाईचं काम किती वाढतं? आणि देवळात तो ज्या गोड शब्दांत बोलतो, त्यातले किती घरी आणतो? मग घरी जाऊन एकच गोष्ट मागा, सगळ्या एकदम नको. कोणी ताट उचलणं मागेल, कोणी आठवड्यातून एक संध्याकाळ लेकरांसाठी मागेल, कोणी म्हणेल की हरिपाठाला मीही येते, तेवढा वेळ भाजी तुम्ही निवडा.

माळ घालणं एका दिवसाचं काम असतं, तिला जागणं रोजचं. त्यात घरच्या बाईचीही साथ लागते आणि तिचाही वाटा असतो. तो वाटा मागून घ्या.