केमिस्टच्या काउंटरवरील गोळी आणि धाकटे झालेले जठर

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेऊन घरी परतलेल्या मनुष्याला जे अनेक निर्बंध पाळावे लागतात, त्यांपैकी खाण्यापिण्याचे निर्बंध घरातील लहानथोरांना थोड्याच दिवसांत मुखोद्गत होतात. घास बारीक चावावा, जेवताना पाणी पिऊ नये, साखर टाळावी, प्रथिने चुकवू नयेत, हे सांगण्यास मग डॉक्टरांची गरज उरत नाही, शेजारच्या काकूही ते सांगू लागतात. परंतु डिस्चार्ज कार्डावर याच सूचनांच्या तळाशी, बहुधा इंग्रजीत आणि बहुधा बारीक अक्षरांत, वेदनाशामक गोळ्यांविषयी जी एक ओळ असते तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; आणि गेले तरी पुढे कधी गुडघा ठणकू लागला असता ते कार्ड कपाटातील कोणत्या फायलीत ठेवले आहे याचे स्मरण कोणासही राहत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन आदी दाहशामक औषधे डॉक्टरांच्या अनुज्ञेवाचून घेऊ नयेत, असा त्या ओळीचा आशय असतो, आणि जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना तर बहुतेक शल्यवैद्य ही मनाई आजन्म पाळावयास सांगतात.

ॲस्पिरिन पोटाला झोंबते हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. ते का झोंबते, याच्या उलगड्याची वाट 1971 मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने मोकळी केली, आणि 1982 साली त्यांना अन्य दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची जी द्रव्ये निर्माण होतात ती एकीकडे वेदना आणि सूज वाढवितात. पण जठराच्या अंतस्त्वचेवर श्लेष्म्याचा थर राखणे, आम्लाला मारक असा क्षार स्रवविणे आणि त्या त्वचेचा रक्तपुरवठा चालू ठेवणे, ही कामेही तीच बजावीत असतात. दाहशामक गोळी या द्रव्यांची निर्मितीच रोखते. सबब गुडघ्याला आराम पडतो खरा, परंतु त्याच हुकुमाने जठराच्या भिंतीवरील गिलाव्याची डागडुजीही बंद पडते.

धडधाकट जठर हा तोटा पुष्कळदा निमूटपणे सोसते. बायपासनंतर मात्र सोसणाऱ्या जठराचा बहुतांश भाग अन्नमार्गातून बाजूला काढलेला असतो. वजन घटविण्यासाठी ही शस्त्रक्रिया 1966 मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी प्रथम केली. आज तिचे जे रूप रूढ आहे त्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढीच, पिशवी राखतात आणि लहान आतडे वर ओढून थेट तिला जोडतात. आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते. निसर्गक्रमात आम्ल तेथवर पोहोचण्यापूर्वी पित्तरस आणि स्वादुपिंडाचा क्षारयुक्त रस त्याची धार बोथट करीत असतात, आणि नव्या व्यवस्थेत हे दोन्ही रस बरेच खाली येऊन मिळतात. त्यामुळे या जोडावर व्रण होण्याची भीती मुळातच असते. सिगारेट, बिडी किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग यांनी ती वाढते, आणि दाहशामक गोळ्यांची भर पडली म्हणजे व्रण चिघळून रक्तस्राव होणे, क्वचित आतड्याला आरपार छिद्र पडणे, इथवर पाळी येऊ शकते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून अधिक भाग काढून टाकून उरलेल्याची नळी करतात. तीत असा जोड नसल्याने धोका कमी असतो, म्हणून काही शल्यवैद्य प्रसंगी अल्पकाळ मुभा देतात. पण ती मुभा त्यांनी द्यावयाची, आपण गृहीत धरावयाची नव्हे. कारण आरंभीच्या महिन्यांत पाणी जेमतेमच पोटात जाते, आणि शरीर असे कोरडे पडलेले असता याच गोळ्या मूत्रपिंडालाही अपाय करतात.

येथे दोन समजुती आडव्या येतात. पहिली अशी, की इंजेक्शन किंवा गुदद्वारातून ठेवावयाची गोळी जठरात जात नाही, तेव्हा तिचा जठराला उपसर्ग नाही. वस्तुतः औषध रक्तात मिसळले की प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती सर्वत्रच रोखली जाते, मग ते शरीरात कोणत्याही दाराने शिरलेले असो. दुसरी समजूत, सोबत पित्ताची गोळी घेतली म्हणजे सारे निभावते, ही. पँटोप्राझोलसारखी औषधे आम्ल कमी करतात, आणि शस्त्रक्रियेनंतर काही काळ ती मुद्दाम देतातही. परंतु त्यांच्या भरवशावर रोज दाहशामक गोळी चालू ठेवणे हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.

आता औषधांच्या दुकानाकडे वळू, कारण घोटाळा खरा तेथे होतो. प्रिस्क्रिप्शनवाचून विकता येतील अशा औषधांचा स्वतंत्र वर्ग आपल्या कायद्याने रीतसर आखून दिलेला नाही. 1945 च्या औषध नियमांतील ‘के’ अनुसूचीत ॲस्पिरिन व पॅरासिटामॉल यांची गणना घरगुती औषधांत करून, हजारापेक्षा अधिक वस्ती नसलेल्या खेड्यात ती परवान्यावाचून विकण्यास सवलत दिली आहे. डायक्लोफिनॅक आणि ॲसिक्लोफिनॅक ही मात्र ‘एच’ अनुसूचीतील, म्हणजे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाची औषधे आहेत. दप्तरी नियम हा असा. वहिवाट काय आहे हे वाचकांस सांगावयास नको. गिऱ्हाईक ‘अंगदुखीवर काहीतरी द्या’ म्हणते आणि समोरचा मनुष्य खणातून दोन गोळ्या काढून देतो. त्या दोन गोळ्याही अखंड पट्टीतून येत नाहीत. पट्टी कात्रीने कापली जाते, आणि मागल्या बाजूस जेथे घटकद्रव्यांची नावे छापलेली असतात तो तुकडा पुष्कळदा दुकानातच राहतो. हातात येतो तो चकचकीत कागद, त्यावर ब्रँडच्या नावाची अडीच अक्षरे.

संपूर्ण पट्टी हाती आली तरी संकट टळत नाही, कारण आपल्याकडे मिश्र गोळ्यांची फार चलती आहे. कॉम्बिफ्लाममध्ये 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक आणि निमेसुलाइड यांच्याशीही पॅरासिटामॉलची सोयरीक जमविलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. डिस्प्रिन पाण्यात विरघळते म्हणून सौम्य वाटते, पण ते ॲस्पिरिनच. मासिक पाळीच्या वेदनांवर घराघरात घेतले जाणारे मेफेनॅमिक ॲसिड हेही याच कुळातले आहे, आणि माझ्या मते सर्वांत सहज नजरेआड होणारे तेच. कारण ती गोळी वर्षानुवर्षे ‘आपली नेहमीची’ असते आणि नेहमीच्या वस्तूला औषध म्हणण्याची आपल्याला सवय नसते. सांधेदुखीवरील नाव नसलेल्या पुड्यांविषयी तर एवढेच म्हणावे, की त्यांत स्टेरॉइड वा दाहशामक मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत, आणि पुडीवर घटक छापण्याची चाल नसते.

मग दुखण्यावर घ्यावे तरी काय? सर्वसाधारण उत्तर, निव्वळ पॅरासिटामॉल. ते जठराच्या अस्तराला जवळजवळ उपद्रव देत नाही. परंतु निर्दोष म्हणून ते मोकाट घेता येते असे नव्हे. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे, आणि यकृतात मेद साठलेला असताना, आहार तुटपुंजा असताना किंवा मद्याची सवय असताना डॉक्टर ती आणखी खाली आणतात. हिशेब चुकतो तो निराळ्या नावांमुळे. तापासाठी 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे 1950; त्याच दिवशी सर्दीच्या गोळ्या तीन, प्रत्येकीत 500 धरले तर 1500; बेरीज 3450, आणि घेणाऱ्याच्या मनात मात्र आपण पॅरासिटामॉल तीनदाच घेतले अशी नोंद. ज्याला डॉक्टरांनी 3 ग्रॅमची सीमा घालून दिली आहे, त्याने ती नकळत ओलांडलेली असते. बायपासनंतर मद्य फार लवकर रक्तात चढते, तेव्हा त्याच्या जोडीला या गोळ्या हे प्रकरण यकृताने निस्तरावयाचे असते.

गोळीचे स्वरूपही पाहावे लागते. दीर्घकाळ सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आखूड झालेल्या मार्गातून पुरत्या न विरघळताच पुढे जाऊ शकतात, आणि त्या कुटून घेणे तर त्याहून वाईट, कारण दिवसभराचे औषध एकदम मोकळे होते. आरंभीच्या आठवड्यांत पातळ औषध सोयीचे खरे, पण साखरेच्या पाकातले सिरप पोटात गेल्यावर धडधड, घाम आणि जुलाब होऊ शकतात. गुडघ्यासाठी वरून चोळावयाचे डायक्लोफिनॅकचे जेल रक्तात अल्पच उतरते, म्हणून डॉक्टर बहुधा त्याला हरकत घेत नाहीत. गरम पाण्याच्या पिशवीला तर कोणाचीच हरकत नसावी. डोके दुखत असेल तर गोळीपूर्वी दिवसभरात पाणी किती गेले हे आठवावे. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिनची लहान मात्रा चालू असेल तर ती मात्र या लेखाच्या आधारे बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यवैद्य यांनी मिळून घ्यावयाचा आहे.

पोटदुखीची गोष्ट वेगळी. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकू शकतो. आणि जोडावरचा व्रणही पोटाच्या वरच्या भागातच दुखतो. अशा दुखण्यावर गोळी घेऊन रात्र काढणे म्हणजे निदानाचा वेळ गमावणे होय. शौचाचा रंगही पाहावा, मात्र समजून: शस्त्रक्रियेनंतर लोहाच्या गोळ्या चालू असल्यामुळे शौच काळसर होतेच, पण ते बांधलेले असते; डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त काळे शौच, रक्ताची उलटी, घेरी किंवा एकाएकी उठलेली असह्य कळ यांपैकी काहीही झाले तर तडक रुग्णालय गाठावे. जाताना शस्त्रक्रियेचा कागद बरोबर असावा, कारण तपासणाऱ्या डॉक्टरांना जठराची नवी रचना आपोआप कळत नाही, बाजूला काढलेल्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही, आणि कळ थांबविण्यासाठी आपत्कालीन विभागात पटकन दिले जाणारे इंजेक्शन पुष्कळदा डायक्लोफिनॅकचेच असते. तेव्हा सुई टोचली जाण्यापूर्वीच रुग्णाने वा सोबतच्या माणसाने ‘जठराचा बायपास झालेला आहे’ हे शब्द उच्चारलेले असावेत.