हिरड्यांचे विकार आणि आनुवंशिकता

‘आमच्या घराण्यात चाळिशीतच दात हलू लागतात,’ असे उद्गार अनेकदा ऐकू येतात. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दातांच्या मुळाशी साचणाऱ्या किटणातील जंतूंमुळे हिरड्या सुजतात व त्यांतून रक्त येते. उपेक्षा झाल्यास सूज खोलवर जाऊन दातांना आधार देणारे हाड झिजते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. मात्र सर्वांची हानी सारखी होत नाही. श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० पुरुष मजुरांची पाहणी १९७० मध्ये सुरू होऊन १५ वर्षे चालली. दात घासण्याची रीत त्यांच्यात नव्हती व हिरड्यांची सूज जवळजवळ सर्वांनाच होती. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांत विकार झपाट्याने बळावला, ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला, तर ११ टक्क्यांत हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

जंतूंचा प्रतिकार करताना शरीरात जो दाह निर्माण होतो, त्याची तीव्रता काही अंशी जनुकांवर अवलंबून असते. अमेरिकेत ११७ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रौढांमधील पायोरियाच्या तीव्रतेत जो फरक आढळतो, त्यापैकी सुमारे निम्मा आनुवंशिकतेमुळे असतो, असे त्यात दिसून आले. हिरड्यांच्या साध्या सुजेबाबत मात्र सवयींचा विचार केल्यावर आनुवंशिकतेचा प्रभाव आढळला नाही.

एकाच जनुकातील दोषामुळे होणारा विकार विरळा. पापियों व लफेव्र या फ्रेंच वैद्यकांनी १९२४ मध्ये वर्णिलेल्या रोगात तळहात व तळपाय जाड होतात आणि दुधाचे व कायमचे दात अकाली पडतात. त्यामागील जनुक १९९९ मध्ये ओळखले गेले. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच हा रोग होतो. साहजिकच जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो.

इतरत्र मात्र वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. जनुके बदलता येत नाहीत, पण किटण काढता येते, तंबाखू व मिश्री सोडता येते, मधुमेह आटोक्यात ठेवता येतो. ज्या कुटुंबात दात लवकर पडतात, तेथील मुलांची दंततपासणी वेळीच व नियमित व्हावी. हिरड्यांतून रक्त येणे ही पहिली सूचना होय. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही जाणीव घरोघरी पोहोचविल्यास अनेकांचे दात वाचतील.