कॅलामझूची बुरशी

औषधांची जुनी पेटंटं वाचायचा मला नाद आहे. भाषा रटाळ, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पण वकिलांसाठी केलेल्या या लिखाणात कधीकधी असा काही तपशील सापडतो की रात्र सार्थकी लागते. कॉर्टिझोनच्या मागे लागलो असताना ८ जुलै १९५२ चं एक अमेरिकन पेटंट हाती आलं. कंपनी मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावची अपजॉन, संशोधक हर्बर्ट मरे आणि ड्युरी पीटरसन. विषय : म्यूकोरेल्स गणातल्या बुरशींकडून स्टेरॉइडच्या रेणूत ऑक्सिजन बसवून घेणं. २०२१ चा उन्हाळा ज्याने महाराष्ट्रात काढला, तो ‘म्यूकर’ ही अक्षरं पाहून दचकणारच.

आधीची कथा बहुतेकांना ठाऊक असते. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली किंवा दिवस राहिले की सांधे मोकळे होतात, हे मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी हेरलं होतं. तिथलेच एडवर्ड केंडल अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली संप्रेरकं वेगळी काढत होते. २१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या, सांधे जखडलेल्या एका बाईंना त्यातलं ‘संयुग ई’, म्हणजेच कॉर्टिझोन, टोचलं आणि काही दिवसांत त्या हिंडूफिरू लागल्या. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि बाझेलचे राइकश्टाइन यांना मिळालं. ते मिळेपर्यंत गोल झालेले चेहरे, बिघडलेली मनं आणि औषध थांबताच उलटलेला आजार, हे सगळं डॉक्टरांनी पाहिलेलं होतं.

घोडं अडलं होतं ते रेणूतल्या अकराव्या कार्बनवर. तिथे ऑक्सिजन नसेल तर दाह उतरत नाही, आणि नेमका तिथे तो बसवणं महाकठीण. मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून सुरुवात केली आणि तिसाहून अधिक पायऱ्या चढून ते साधलं. भाव सुरुवातीला ग्रॅमला २०० डॉलर.

मरे-पीटरसन यांनी हे काम जंतूंवर सोपवलं. प्रयोगशाळेच्या खिडकीत आगर घातलेली बशी उघडी ठेवली आणि हवेतून जी बुरशी तिच्यावर येऊन रुजली ती कामाची निघाली, असं सांगतात. ती होती ऱ्हायझोपस अऱ्हायझस. तिला प्रोजेस्टेरॉन दिलं, तर तिने अकराव्या कार्बनवर एका दमात ऑक्सिजन बसवून दिला. मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन तेव्हा स्वस्तात बनत होतंच. पुढे शिळ्या पावावर उगवणारी तिची भाऊबंद, ऱ्हायझोपस निग्रिकान्स, जास्त उत्पादन देणारी ठरली. काही वर्षांत कॉर्टिझोनचा भाव ग्रॅमला सहा डॉलरपर्यंत खाली आला. श्रीमंतांचं औषध दवाखान्या-दवाखान्यात पोचलं, त्यात या बुरशीचा वाटा मोठा.

आता दुसरी बाजू. भारतात म्यूकरमायकोसिसच्या, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या, रुग्णांत सर्वाधिक सापडते ती हीच ऱ्हायझोपस अऱ्हायझस. तिचे बीजाणू मातीत, हवेत सगळीकडे असतात आणि धडधाकट माणसाला त्यांचा पत्ताही लागत नाही. मग स्टेरॉइड घेणाऱ्याला ती का गाठते?

स्टेरॉइड पेशीत शिरून तिथल्या ग्राहीला चिकटतं आणि त्याच्यासह केंद्रकात जातं. तिथे दाहाची जनुकं चालवणाऱ्या एनएफ-कप्पा-बीसारख्या प्रथिनांना ते गप्प करतं; सूज उतरते, दम कमी होतो. पण तोच ग्राही यकृताला साखर बनवायला लावतो, स्नायू झिजवतो, हाडं बांधणाऱ्या पेशी मारतो, चरबी चेहऱ्यावर आणि मानेमागे आणून ठेवतो. बीजाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झालं, तर प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटतं आणि या बुरशीला लोह हवंच असतं. साखर, लोह आणि ढिला पहारा, तिन्ही एकाच वेळी.

कोविडकाळातल्या म्यूकरचा सगळा दोष औषधावर ढकलणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्याकडे म्यूकर कोविडच्या आधीही होता, मधुमेह तर घरोघरी होता. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज सहा मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस, दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. आपल्याकडे यातली पहिलीच अर्धी बातमी पोचली. ताप आला की गोळी, साखर तपासायची नाही, दिवस मोजायचे नाहीत. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना म्यूकरची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तोवर कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले होते.

फक्त दाह शमवील आणि बाकी शरीराला हात लावणार नाही, असं स्टेरॉइड बनवायची खटपट अनेक दशकं चालू आहे; प्रेडनिसोलोनसारख्या जुन्या स्टेरॉइडला मात्र अजून कुणी हटवलेलं नाही. गुण आणि अवगुण एकाच ग्राहीतून येतात, तेव्हा लगाम दोनच : मात्रा आणि मुदत. त्यातही मुदत संपली म्हणून एकदम थांबता येत नाही. आठवडेच्या आठवडे बाहेरून हार्मोन मिळाल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावते; गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं, म्हणून ती उतरवत न्यावी लागते. त्यामुळे स्टेरॉइड किती घ्यायचं एवढंच सांगणारी आणि कधी, कसं थांबवायचं हे न सांगणारी चिठ्ठी माझ्या लेखी अर्धवट आहे. ती तशीच परत करून उरलेलं लिहून मागायचा हक्क रुग्णाला आहे, आणि तो त्याने भीड न बाळगता वापरावा.