पत्त्यांची जादू, पेटाऱ्याची जादू

खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ साजगाव आहे. तेथे दरवर्षी कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या आणि मिठाईच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. समजा, अशा गर्दीत एका जादूगाराने पत्त्यांचा खेळ सुरू केला. त्याने एक पत्ता उंच धरला. पुढच्या दहा-वीस माणसांना तो दिसेल. पण मागच्या शेकडो लोकांचे काय? पत्ता असतो जेमतेम नऊ सेंटिमीटर लांब. तो बदामाचा की चौकटचा हेच कळले नाही, तर आश्चर्य कसले वाटणार? म्हणून मैदानात जादूगार मोठा पेटारा मांडतो. रिकाम्या पेटाऱ्यातून माणूस बाहेर आला, की शेवटच्या रांगेतले मूलही टाळ्या वाजवते.

मग पत्त्यांची जादू कमी प्रतीची आहे का? मुळीच नाही. तिची जागा वेगळी आहे.

कर्जतहून मुंबईला जाणाऱ्या लोकलला सुमारे दोन तास लागतात. वेळ घालवण्यासाठी काही प्रवासी गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून पत्ते खेळतात. अशा चार-सहा जणांत पत्त्यांची जादू खरी रंगते. सर्वांना सर्व काही दिसते. पत्ते ओळखीचे असतात. शिवाय ‘कोणतेही एक पान घ्या’ असे म्हटले, की पाहणाराही खेळात सामील होतो. पेटाऱ्यातून निघालेले कबुतर जादूगाराचे असते. निवडलेले पान मात्र ‘माझे’ असते. ते सापडले, की होणारा आनंदही आपलाच असतो.

येथे एक गंमत लक्षात घ्या. उर्दूत पत्त्यांच्या एका रंगाला ‘पान’ म्हणतात. मराठीत त्या रंगाला ‘बदाम’ म्हणतात आणि ‘पान’ म्हणजे कोणताही पत्ता. ‘जादू’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच आहे.

एक सोपी जादू पाहा. जोडातील सर्वांत खालचे पान गुपचूप पाहून ठेवा. मित्राला कोणतेही पान काढून लक्षात ठेवायला सांगा. ते पान त्याला जोडाच्या वर ठेवू द्या. आता वरचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवा आणि खालचा भाग त्यावर ठेवा. मग वरून एकेक पान उलगडत जा. तुम्ही पाहिलेले पान आले, की त्यानंतरचे पान मित्राचे! यात मंत्र नाही. आहे ती स्मरणशक्ती आणि सराव.

मोठमोठ्या जादूगारांनाही जागेचा हा फरक ओळखावा लागला. अमेरिकेतील हूडिनी (१८७४-१९२६) सुरुवातीला स्वतःला ‘पत्त्यांचा राजा’ म्हणवून घेत असे. पण त्याला कीर्ती मिळाली ती बेड्यांतून सुटून दाखवल्यामुळे. बेड्यांतली धडपड लांबूनही दिसते आणि प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो. पी. सी. सरकार यांनी १९५६ साली लंडनमध्ये बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर करवतीने मुलगी कापण्याची जादू दाखवली. मुलगी उठण्यापूर्वीच कार्यक्रम संपला. घाबरलेल्या प्रेक्षकांनी फोनवर फोन केले. मुलगी अर्थातच सुखरूप होती! महाराष्ट्रात जादूगार रघुवीर (१९२४-१९८४) यांच्या रंगमंचावरील प्रयोगांनाही लोकांनी भरभरून दाद दिली.

पुढे कॅमेऱ्याने पत्ता जवळ आणला. आता जादूगाराची बोटेही पडद्यावर मोठी दिसतात, म्हणून घरबसल्या पत्त्यांची जादू पाहणारे पुष्कळ आहेत.

पण हातचलाखीला आणखी एक बाजू आहे. ‘तीन पत्त्यांतली राणी ओळखा, पैसे दुप्पट करा’ असे म्हणून भोळ्या माणसांना लुबाडणारे लोक असतात. तेथे राणी जागेवरून कधी हलली, हे कळतच नाही. कष्टाचे पैसे क्षणात जातात. बोटांची करामत तीच, पण हेतू वेगळा. खरा जादूगार प्रेक्षकांच्या संमतीने त्यांना चकवतो आणि हसतमुखाने घरी पाठवतो. म्हणून जादू पाहावी, दाद द्यावी. पण पैसे लावा असे कोणी म्हणताच तेथून निघावे.

शब्दार्थ
पेटारा – मोठी पेटी
जोड – सर्व पत्त्यांचा संच
हातचलाखी – हाताची चपळाई
लुबाडणे – फसवून घेणे

स्वाध्याय
१. मैदानात पत्त्यांची जादू का रंगत नाही?
२. निवडलेले पान ‘माझे’ का वाटते?
३. खरा जादूगार आणि लुबाडणारा यांतील फरक सांगा.
४. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही कोणती जादू दाखवाल? का?