ठोके मोजणारा पट्टा

पूनम सागरात पहाटे दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या सायकली फिरतात. अलीकडे त्यांत डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेल्या पन्नाशीच्या मंडळींची भर पडली आहे. आम्हीही त्यांतलेच. ठोके मोजण्याचे यंत्र कोणते घ्यावे, असे ही मंडळी आम्हांस विचारतात. आमचे शालेय शिक्षण बेताचे. पण जे यंत्र अंगावर बाळगायचे ते कसे चालते हे माणसाला कळलेच पाहिजे, असे आम्ही कामगारांना तीस वर्षे सांगत आलो. मग स्वतःला सूट कशी द्यावी?

या यंत्रांची तत्त्वे दोन. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह खेळतो. तो नेमका टिपण्याची युक्ती हॉलंडच्या आइन्थोव्हेन यांनी काढली व त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र खोलीत जेमतेम मावे. आज तेच काम छातीवरचा पट्टा करतो. दुसरे तत्त्व प्रकाशाचे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीत उजेड टाकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. ठोक्यागणिक तिथले रक्त वाढते, परतणारा उजेड घटतो, आणि यंत्र ती चढउतार मोजते.

आम्ही प्रथम घड्याळच घेतले. काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे जाताना रस्ता खडबडीत लागला, आणि घड्याळाने एकदम १७० ठोके दाखवले! आम्ही घाबरून कडेला बसलो. गळ्याशी दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट मोजले, तर ५८ भरले. म्हणजे मिनिटाला ११६. दोष हृदयाचा नव्हता. हँडल घट्ट धरले की मनगट वाकते, शिरा ताणतात, हादरे बसतात, आणि सैल पट्ट्याखाली बाहेरचा उजेडही शिरतो. घरच्यांना ही हकीगत आम्ही पुष्कळ दिवसांनी सांगितली.

अचूकपणात छातीचा पट्टा सरस, यात शंका नाही. पण त्याची टोके कातडीला चिकटून ओली राहावी लागतात. म्हणून निघताना त्यांना पाण्याचा हात लावावा, नाहीतर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत मे महिन्यात त्या पट्ट्याखाली घामोळे उठते. कित्येक स्त्रियांना तो आतल्या कपड्यांच्या पट्टीशी घासतो. शेवटी पट्टा कपाटात जातो, आणि कपाटातले अचूक यंत्र काय मोजणार?

म्हणून आमची शिफारस दंडावरच्या पट्ट्याची. तत्त्व घड्याळाचेच, पण दंड मनगटासारखा वाकत नाही आणि तिथे मांस भरपूर असते. पट्टा रुंद, मऊ कापडाचा, यंत्र काढून धुता येईल असा असावा. तो दंडावर फिरू नये, पण काढल्यावर खोल वळही उठू नये. दुकानात पाच मिनिटे बांधून काही कळत नाही. परत घेण्याची मुदत आधी विचारून घ्यावी आणि तासभर सायकल चालवून पाहावी. आपल्या मोबाइलला तो जोडला जातो का, हेही तेव्हाच पाहावे.

आता आकड्याविषयी. २२० मधून वय वजा करावे, हा हिशेब १९७१ पासून रूढ आहे. २००१ साली २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करण्याचा दुसरा निघाला. पंचावन्नाव्या वर्षी पहिला १६५ सांगतो, दुसरा जवळजवळ १७०. दोन्ही सरासरीचे, तुमचे हृदय त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळे असू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर ठोके मुद्दाम खाली ठेवतात. तेव्हा मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. छातीत दुखले, चक्कर आली, तर आकडा कितीही असो, सायकल थांबवून मदत मागावी.

आमचा दंडाचा पट्टा रोज साध्या पाण्याने धुऊन गॅलरीत वाळत पडतो. शेजारच्यांना अजून तो मोजाच वाटतो.